शेअरच्या क्लाससाठी घराणं पाहिलं

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. बारामती एमआयडीसीतला माझ्या नवऱ्याचा कारखाना बंद पडून आठ महिने झाले होते. लोखंडी सुटे भाग तयार करणारा कारखाना. ते तिथं सोळा वर्षं होते, त्यातली शेवटची सहा सुपरवायझर म्हणून. कारखान्याकडून जे मिळायचं ते मिळालं, बँकेत ठेवलं आणि ते घरी बसले.

घरी बसले हे म्हणणं तितकंसं बरोबर नाही. सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते मोटरसायकलवरून पेठेत जात आणि एका शेअर दलालाच्या कार्यालयात उभे राहत. तिथं नुकताच कॉम्प्युटर आला होता. पडद्यावर आकडे पळत आणि ते बघायला दारापर्यंत माणसं उभी असत. त्यातली निम्मीशिम्मी एमआयडीसीतून मोकळी झालेली. विकत कोणी फारसं काही घेत नसे. बघत आणि दुपारी जेवायला घरी जात.

मी इंदापूरला एका माध्यमिक शाळेत लिपिक होते. बारामती ते इंदापूर रोजची एसटी, जाताना दीड तास, येताना दीड तास, आणि घरी आल्यावर पुन्हा चुलीपासून सुरुवात. शाळेतली जडवस्तू नोंदवही माझ्याकडे असे. बाकं किती, त्यातली मोडकी किती, नकाशे किती, त्यातले फाटके किती. त्या कामाचा परिणाम म्हणा किंवा मुळातला स्वभाव म्हणा, कोणतंही काम समोर आलं की मी आधी यादी करते. मुलं चेष्टेनं म्हणत, आई देवळात गेली तरी देव मोजून येईल.

तेव्हा आमच्या घरात प्रश्न एकच होता. एमआयडीसीतल्याच एका डेअरीत माझ्या मावसभावाच्या ओळखीनं एक जागा तयार होती. टाइम ऑफिसात, म्हणजे फाटकाजवळच्या खोलीत बसून कामगारांच्या हजेरीची कार्डं तपासायची. दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारपर्यंत जागा धरून ठेवतो, असं तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं होतं. मला ती जागा हवी होती. त्यांना नको होती.

"ज्या पोरांना मी मशीनवर उभं राहायला शिकवलं, ती आत जाणार आणि मी फाटकावर बसून त्यांची कार्डं बघणार?" ते म्हणाले.

"मग काय करणार?"

"शेअरचं बघतो म्हणतोय."

"बघताय तर आठ महिने. येतं का त्यातलं काही?"

ते उठून मोटरसायकल पुसायला गेले. खरं उत्तर द्यायची वेळ आली की ते मोटरसायकल पुसत.

मीही थकले होते. भांडायला लागते ती ताकद माझी एसटीतच संपत असे. म्हणून मी तोडगा काढला. आधी रीतसर शिका. चांगला क्लास मिळाला तर वर्षभर मी अवाक्षर काढणार नाही. दिवाळीपर्यंत नाही मिळाला तर सोमवारी डेअरीत हजर व्हायचं.

"आणि क्लास शोधणार कोण?" त्यांनी विचारलं.

"मी शोधते," मी म्हणाले. ही माझी चूक. शोधणारी मी झाले, म्हणजे क्लास चांगला की वाईट ते ठरवणारीही मीच झाले.

दोनशे पानी वही आणली. पानाला एक क्लास. गणेशोत्सव संपेपर्यंत चार पानं भरली.

पहिला क्लास टपालानं शिकवणारा. वर्तमानपत्रात जाहिरात होती, मी पोस्टल ऑर्डर पाठवली. पंधरा दिवसांनी पाकीट आलं. त्यात पहिला धडा, आणि त्याच पाकिटात उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्र. नावाची जागा मोकळी, खाली सही-शिक्का सगळं झालेलं. नवरा म्हणाला, "झालं की. मी पास." आठ महिन्यांत ते पहिल्यांदा हसले असतील. पान रद्द केलं.

दुसरा क्लास इंदापुरातच, स्टँडजवळच्या एका हॉलमध्ये. शिकवणारे गृहस्थ सफारी घालून होते. टेबलावर एक अल्बम, त्यात त्यांचे निरनिराळ्या पुढाऱ्यांबरोबरचे फोटो. मी शाळा सुटल्यावर गेले. क्लासमध्ये काय शिकवता, हे मी तीनदा विचारलं आणि तीनदा त्यांनी अल्बमचं पान उलटलं. शेवटी म्हणाले, "ताई, मी मूळचा पळसदेवचा. आमचं जुनं देऊळ धरणात गेलं. पण पाणी उतरलं की उन्हाळ्यात शिखर दिसतंच ना? बाजाराचं तसंच हाय. गेलेला पैसा वर येतोच."

"आणि पावसाळ्यात?" मी विचारलं.

त्यांनी अल्बम मिटला. मग मूळ मुद्द्यावर आले. शिकायची घाई करू नका, पैसे आत्ता माझ्याकडे ठेवा, मी लावतो, लावताना बघून साहेब आपोआप शिकतील. मी त्यांना नमस्कार केला आणि साडेपाचच्या गाडीत बसले. त्या पानावर मी लाल शाईनं लिहिलं: पैसे मागतो.

तिसरा पुण्याचा, शनिवार-रविवारचा. त्यांची माहितीपत्रिका नीट होती. काय शिकवणार, किती तास, कोण शिकवणार, सगळं छापलेलं. एसटीडी बूथवरून मी फोन लावला आणि आनंदानं चिट्ठीवर वेळा लिहून घेत होते. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "साहेब पदवीधर आहेत ना? कॉमर्सचे?" मी म्हणाले, आयटीआय झालेत, पण सोळा वर्षं कारखान्यात होते. त्या म्हणाल्या, यायला हरकत नाही, मात्र सगळं इंग्रजीत असतं. नवरा बूथच्या दारात उभा होता. बोलणं ऐकू आलं नसेल, पण माझं तोंड दिसलं असेल. "राहू दे," ते म्हणाले. आज विचाराल तर तोच क्लास बरोबर होता. मी हट्ट धरायला हवा होता. पण धरला नाही.

राहिला चौथा. बारामतीतच, खताच्या दुकानाच्या माडीवर. शिकवणारे सर तिशीच्या आतले, बी.कॉम., सांगवीचे. क्लास मराठीत, रोज सकाळी नऊ ते अकरा, दीड महिना. मी जाऊन बघून आले. फळा स्वच्छ, बाकं अकरा, त्यातलं मोडकं एकही नाही. फी निम्मी आधी, निम्मी शेवटी. आवाज मऊ. पैसे लावा असं कुठंही म्हणाले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "मी फक्त शिकवतो. कोणाचे पैसे हातात घेत नाही."

मला एवढं पुरलं असतं. पण यादीत एक ओळ शिल्लक होती: माणूस कसा आहे, चौकशी.

आमच्याकडे चौकशीची रीत एकच. जावई करायचा असो, सोसायटीत जामीन राहायचं असो, की ट्रॅक्टरवर ड्रायव्हर ठेवायचा असो, गाव कुठलं, घराणं कसं, पाहुणे कोण, हेच विचारतात. आमच्या शाळेचे शिपाई सांगवीचे होते. निवृत्तीला आले होते, सगळी शाळा त्यांना तात्या म्हणे. मी त्यांच्या कानावर घातलं. तात्यांना काम फार आवडलं. आठवडाभर रोज मधल्या सुट्टीत ते माझ्या टेबलापाशी येऊन अहवाल देत.

"बाई, घराणं एक नंबर. आज्ज्याच्या वक्ताला मेंढरं होती, आता समदा ऊस. पाटाचं पाणी, वर हीर हाय."

मी लिहिलं.

"चुलत्यांत वाटण्या झाल्या, पर भांडान न्हाय. बांधावरनं शबूद न्हाय कुनाचा."

मी लिहिलं.

"पोरगं सुपारीचं खांडबी तोंडात टाकत न्हाय. येकदा बोकडाच्या जेवणावळीत बगितला, तर ह्यो आपला कोपऱ्यात भात-आमटी खातोय."

हेही लिहिलं. आज ती वही माझ्यासमोर असती तर मला लाज वाटली असती. पण त्या वेळी प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण करताना मला फार दिवसांनी बरं वाटत होतं. बाहेर सगळीकडे लोक लोकांना बुडवत होते आणि इथं एक न बुडवणारा माणूस खुणेखुणेनं सिद्ध होत होता.

दसऱ्याच्या अलीकडच्या रविवारी मी, नवरा आणि तात्या सांगवीला गेलो. नवरा मोटरसायकल चालवत होता, मी मागं. तात्या स्वतःची सायकल घेऊन फाट्यावर थांबले होते. घर मोठं नव्हतं पण सारवलेलं, पुढं गोठा. सरांचे वडील, आबा, धोतर-पटक्यात ओसरीवर वाट बघत होते. सर घरात नव्हते. सतरंजी अंथरलेली, पोहे तयार. एवढी तयारी बघून मला खरं तर शंका यायला हवी होती.

आबांनी आधी उसाचं सांगितलं, मग म्हशींचं. मग घसा साफ करून मुलाकडे वळले.

"आमचा पोरगा म्हंजी, तुमाला सांगतो, गाय हाय. पुन्यात चार वर्सं ऱ्हायला पर चहाच्या पलीकडं काय शिकला न्हाय."

तात्यांनी मान डोलावली. "मी म्हनलंच की बाईंना."

"आता ह्ये शेअरबिअरचं," आबा पुढं झुकले, "तुमच्या कानावर आलं आसंल. मनात शंका आसंल. ती काडून टाका. लोकास्नी शिकवतो तेवढं खरं. पर सोता येक रुपया लावला न्हाय त्यानं आजवर. बेलभंडारा उचलून सांगतो. शपथच घातलीया मी त्याला."

मी वहीत लिहिलं: जुगार नाही, स्वतः पैसे लावत नाही. आणि पुढे खूण केली. मला आठवतं, मी नवऱ्याकडे बघून मानसुद्धा हलवली, पाहिलंत ना, अशा अर्थानं. पळसदेवच्या त्या गृहस्थांनंतर पैशाला हात न लावणारा माणूस मला देवमाणूस वाटला.

पोहे झाले, चहा झाला. मग आबा हळूच म्हणाले, "मुलगी बरुबर आणली न्हाय का?"

"कुठली मुलगी?" मी विचारलं.

"म्हंजी... किती शिकलीया?"

नवऱ्याच्या लक्षात आधी आलं. त्यांनी तोंडावर रुमाल धरला. तात्या सतरंजीचं टोक निरखायला लागले. आठवडाभर त्यांनी गावात जी चौकशी केली होती, ती ऐकून सगळ्या सांगवीनं एकच अर्थ काढला होता, आणि तात्यांनी तो कोणाला दुरुस्त करून दिला नव्हता.

"आबा," नवरा म्हणाला, "नवरामुलगा नको आम्हाला. गुरुजी पायजे. आणि विद्यार्थी मी हाय."

आबा असे हसले की गोठ्यातल्या म्हशीनं मान वर केली. "आरं तात्या, तुजं काय खरं न्हाय गड्या! दोन लिटर दूध आटवलं की रं बासुंदीला!" बासुंदी आम्हाला दिली. रागावले नाहीत. आम्ही निघताना म्हणाले, "पावनं, शिका तुमी. पोरगी बगून ठिवा मात्र."

असा क्लास पक्का झाला. निम्मी फी मी स्वतः नेऊन दिली.

दोन आठवडे घर बदललं. सकाळी ते माझ्याआधी उठून पाणी तापवत. वही, पेन, आलेखाचा कागद. संध्याकाळी मी पोळ्या लाटत असताना मला समभाग म्हणजे काय, कर्जरोखा म्हणजे काय, हे समजावत. मला त्यातलं निम्मं कळत नसे आणि झोप येत असे, पण मी हं म्हणत असे. बोलत होते हे महत्त्वाचं. कारखाना बंद झाल्यापासून इतकं सलग बोलले नव्हते.

एका संध्याकाळी मी आले तेव्हा ते ओट्यावर नुसते बसले होते.

"काय झालं?"

"काही नाही. आज सरांना म्हटलं, एकदा शेअरचं सर्टिफिकेट दाखवा. नग हातात घेतल्याशिवाय मला ड्रॉइंग कळत नाही. तुमचं एखादं आणा, बघून देतो."

"मग?"

"म्हणाले, माझ्याकडं नाही. म्हटलं, घरी असेल. म्हणाले, घरीपण नाही. मी कधी घेतलाच नाही."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. खोटं नाही बोलले. ते आमचे निवृत्त मास्तर आहेत ना, पुढच्या बाकावरचे, ते म्हणाले, म्हणजे सर, आपण सगळे एकाच पंगतीत. आम्ही अकरा आणि तुम्ही, बाराच्या बारा." ते थोडं हसले. "पुण्यात सातआठ दिवसांचा वर्ग केला त्यांनी. तेच टिपण आम्हाला देतात."

मी हातातली पिशवी खाली ठेवली. वही काढायची गरज नव्हती. ती ओळ, तिच्यापुढची खूण, माझंच अक्षर, सगळं डोळ्यांपुढे होतं. त्या माणसाच्या बापानं भंडाऱ्याची शपथ घेऊन मला सांगितलं होतं की याला या धंद्यातला अनुभव शून्य आहे, आणि मी त्याला गुण दिले होते. माणूस चांगला आहे का, एवढंच आम्ही गावभर विचारलं. त्याला काम येतं का, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. तात्यांना नाही, मला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून अर्धी रजा घेऊन मी खताच्या दुकानाच्या माडीवर गेले. भांडायचं ठरवून गेले होते. सर फळा पुसत होते.

"बाई, तुम्ही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं," ते म्हणाले. चिडून नाही, खरंच वाटल्यासारखं. "मला वाटलं आबांनी सांगितलं."

"सांगितलं," मी म्हणाले.

"फी परत देतो. आजच." त्यांनी खण उघडला.

इतक्या सभ्य माणसाशी भांडायचं कसं? उद्या येते म्हणाले आणि जिना उतरले.

घरी मी नवऱ्याला सांगितलं, फी परत मिळते आहे. ठरल्याप्रमाणे सोमवारी डेअरी. दिवाळी चार दिवसांवर आली होती.

"फी नको मागू," ते म्हणाले.

"का?"

"मी क्लास पुरा करतो."

"अहो, त्यांना येत नाही ते!"

"माहीत आहे. जेवढं येतं तेवढं तर शिकू."

"आणि ठरलं होतं त्याचं काय? चांगला क्लास मिळाला तर, असं ठरलं होतं."

"अगं, तिथं मला सध्या काय करता म्हणून कोणी विचारत नाही. नऊ वाजता कुठंतरी पोचायचं असतं. मास्तर मला कारखान्यातले म्हणतात. गोदामात माल साठला की कंपनीचं काय होतं, ते मी काल फळ्यावर सांगितलं. सरांनी लिहून घेतलं. आणखी तीन आठवडे आहेत. तेवढे दे मला."

तीन आठवडे म्हणजे डेअरीची जागा जाणार. दोघांनाही ते माहीत होतं. मी विळी ओढली. भाजी चिरायला घेतली.

पुढं काय झालं ते आधी सांगून टाकते. त्यांनी क्लास पूर्ण केला. बाजारात पैसे लावले नाहीत. मी विचारलं नाही, त्यांनीच एकदा सांगितलं, अजून माझं मन घेत नाही. हिवाळा तसाच गेला. मार्चमध्ये एका छोट्या वर्कशॉपमध्ये लागले, पगार डेअरीपेक्षा कमी, पण मशीनवर. तो मधला काळ कठीण होता. घर माझ्या पगारावर चाललं आणि मी त्यांना बोलूनही दाखवलं, एकदा नाही, पुष्कळदा.

पण त्या सोमवारी बोलले नाही. सकाळी ते नेहमीसारखे वही घेऊन निघाले. सोमवार आहे, हे दोघांपैकी कोणी म्हणालं नाही. शाळेला दिवाळीची सुट्टी असली तरी कार्यालय चालू होतं. मी शाळेत उशीर होणार असल्याचा निरोप दिला आणि डेअरीवर गेले. पाळी बदलत होती. फाटकातून मोटरसायकली आत येत होत्या आणि टाइम ऑफिसच्या खिडकीशी थांबत होत्या. एक दोन चेहरे आमच्या कारखान्यातले होते. त्यांनी मला ओळखलं आणि दुसरीकडे बघितलं.

अधिकारी म्हणाले, "साहेब नाही आले?"

"नाही. त्यांचा वर्ग चालू आहे. जागा दुसऱ्या कोणाला द्यायची तर द्या."

"बाई, घरी विचारून सांगताय ना? पुन्हा जागा निघेल असं नाही."

"विचारलंय," मी म्हणाले. विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर कदाचित ते उठून आले असते, आणि मी त्यांना त्या खिडकीमागे बसलेलं पाहिलं असतं.

भिंतीलगतच्या बाकावर एक माणूस कागदांची पिशवी मांडीवर धरून बसला होता. आमचं बोलणं ऐकून तो लगेच उभा राहिला, पण पुढं यावं की नाही हे त्याला कळेना. मी बाजूला झाले आणि त्याला वाट दिली. बाहेर येऊन घड्याळ पाहिलं. पावणेनऊची गाडी गेली होती. पुढची सव्वानऊला. स्टँडपर्यंत चालत जाण्याइतका वेळ होता, म्हणून चालत निघाले.